रीफ टँकसाठी मीठ निवडताना: डब्याआधी टँक मोजा

माझ्या रीफ टँकचं, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचं, मीठ बदललं आणि तिसऱ्या आठवड्यात ॲक्रोपोराची (फांद्यांसारख्या वाढणाऱ्या कठीण प्रवाळाची) टोकं पांढरी पडली. आधी वाटलं, ही वाढीची टोकं असतील, कारण वाढणारं टोक फिकट दिसतंच. पण भिंग लावून पाहिलं तेव्हा टोकावर मांसल थरच नव्हता, खडूसारखा सांगाडा उघडा पडला होता. दोन नाही, पाच फांद्यांवर.

मीठ खराब नव्हतं. माझ्या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट जवळजवळ शून्य होतं, अल्कलिनिटी (आम्ल पचवायची पाण्याची ताकद, डीकेएच हे तिचं एकक) अनेक महिने ७.५ डीकेएचवर स्थिर होती, आणि मी ११ डीकेएचचं मीठ आणून दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदलत गेलो. प्रवाळ रोज जेवढं खात होते तेवढं डोसिंगने, म्हणजे वेगळी द्रावणं मापून घातल्याने, भरून निघत होतंच, त्यामुळे मिठातलं जास्तीचं सगळं साठत गेलं. हिशेब सरळ आहे: पहिल्या बदलानंतर ८.५५, दुसऱ्यानंतर ९.३, तिसऱ्यानंतर ९.८. पोषकद्रव्यं कमी असलेल्या पाण्यात अल्कलिनिटी अशी चढली की ॲक्रोपोराची टोकं आधी जातात. हा हिशेब मी नंतर केला. आधी केला असता तर पाच फांद्या वाचल्या असत्या.

तेव्हापासून माझी रीत उलटी झाली. आधी टँक मोजायचा, मग डब्याकडे बघायचं. "सगळ्यात चांगलं मीठ कोणतं?" या प्रश्नाला उत्तर नाही. "माझा टँक ज्या आकड्यांवर चालतो त्यांच्या जवळचं मीठ कोणतं?" याला आहे, आणि ते एका आठवड्यात घरबसल्या काढता येतं.

मिठात असतं काय

समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या पदार्थांपैकी वजनाने सुमारे ८५ टक्के सोडियम आणि क्लोराइड असतं. उरलेल्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट, ब्रोमाइड, स्ट्रॉन्शियम वगैरे. प्रवाळाचा सगळा जीव या उरलेल्या भागात अडकलेला असतो. म्हणून खायचं मीठ कितीही शुद्ध असलं तरी ते इथे चालत नाही. ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड असतं, आणि बहुतेक वेळा त्यात आयोडीन आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेला पदार्थही असतो.

चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात महासागरांतून गोळा केलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ साली निष्कर्ष मांडले. पाणी कमीजास्त खारट असलं तरी मुख्य घटकांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास तेच राहतं. समुद्रात एक क्षारता कळली की बाकीचे आकडे आपोआप कळतात, ते यामुळे. आपल्या टँकमध्ये मात्र नेमकं हेच मोडतं. थोड्याशा पाण्यात प्रवाळांची गर्दी असते, ते कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून घेतात, पण सोडियमला हातही लावत नाहीत. क्षारता महिनाभर ३५ दिसते आणि अल्कलिनिटी मात्र रोज खाली येत असते.

इथे दोन शब्दांची गल्लत होते. क्षारता म्हणजे पाण्यात एकूण क्षार किती. अल्कलिनिटी म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची ताकद, जी टँकमध्ये बहुतांशी बायकार्बोनेट आणि कार्बोनेटमुळे असते. मीठ निवडताना भांडण जवळजवळ नेहमी या दुसऱ्या आकड्यावरून होतं.

नैसर्गिक समुद्राच्या पाण्याचे आकडे कागदावर लिहून टँकजवळ चिकटवून ठेवा: क्षारता ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे २५ अंश सेल्सिअसला विशिष्ट गुरुत्व १.०२६४. कॅल्शियम सुमारे ४१० ते ४२० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), मॅग्नेशियम १२८० ते १३०० च्या आसपास, अल्कलिनिटी साधारण ७ डीकेएच, पोटॅशियम ४०० च्या जरा खाली. हे लक्ष्य नाही, पण कुठलाही डबा या आकड्यांपासून किती दूर आहे ते यावरून समजतं.

पहिली पायरी: एक आठवडा टँक मोजा

सुरुवात क्षारतेपासून, कारण ती चुकली तर पुढचे सगळे आकडे चुकतात. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणारं उपकरण) वापरत असाल तर तो ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य लावून काम भागत नाही. शून्याला बरोबर दाखवणारं उपकरण ३५ ला चुकू शकतं, आणि काही रिफ्रॅक्टोमीटर मुळात समुद्राच्या पाण्यासाठी नाही तर साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात. काट्याचा हायड्रोमीटर असेल तर काट्याला चिकटलेले बुडबुडे झटकल्याशिवाय वाचू नका. एकेक बुडबुडा काटा वर उचलतो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारट दिसतं.

मग अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम. जमलं तर नायट्रेट आणि फॉस्फेटही. अल्कलिनिटी रोज एकाच वेळी मोजा, दिवे लागण्याआधी मोजत असाल तर रोज दिवे लागण्याआधीच. थेंब टाकायच्या किटमध्ये रंग एका थेंबाने पूर्ण बदलत नाही, आधी मधला मळकट रंग येतो. कुठे थांबायचं ते एकदा ठरवा आणि नेहमी तिथेच थांबा. आकडा अर्ध्या डीकेएचने इकडेतिकडे असला तरी चालेल, मोजण्याची पद्धत बदलता कामा नये.

आता खप काढायचा. डोसिंग करत असाल तर दोन-तीन दिवस थांबवा, पाणी बदलू नका, आणि पहिल्या व शेवटच्या दिवशीच्या अल्कलिनिटीतला फरक दिवसांनी भागा. टँक ॲक्रोपोराने भरलेला असेल तर एकच दिवस थांबवा, तेवढ्यातही फरक स्पष्ट दिसतो. येणारा आकडा म्हणजे तुमच्या टँकची रोजची भूक. मऊ प्रवाळांच्या टँकमध्ये ती जेमतेम दिसते. मोठ्या पॉलिपच्या (पॉलिप म्हणजे प्रवाळातला एकेक छोटा जीव) कठीण प्रवाळांमध्ये दिसू लागते. छोट्या पॉलिपच्या, भरगच्च वाढलेल्या टँकमध्ये ती दिवसाला १ डीकेएच किंवा त्याहूनही जास्त असू शकते.

दुसरी पायरी: कागदावर हिशेब

पाणी बदलल्यानंतरचा आकडा असा येतो: टँकमध्ये राहिलेल्या पाण्याचा हिस्सा गुणिले त्याचा आकडा, अधिक नव्या पाण्याचा हिस्सा गुणिले त्याचा आकडा. टँक ८ डीकेएच, मीठ ११, बदल १० टक्के: ८ चे ९० टक्के ७.२, अधिक ११ चे १० टक्के १.१, एकूण ८.३. एवढी उडी कुठल्याही प्रवाळाला जाणवत नाही. पण अर्धं पाणी बदललंत तर तोच टँक ९.५ वर जातो, आणि हा धक्का असतो.

आता भूक या हिशेबात घाला. समजा तुमचा टँक मऊ आणि मोठ्या पॉलिपच्या प्रवाळांचा आहे, रोजची भूक ०.१, म्हणजे आठवड्याला ०.७ डीकेएच. डोसिंग काहीच नाही, दर आठवड्याला २० टक्के पाणी बदलता. ११ च्या मिठाने हा टँक बदलाआधी ७.५ आणि बदलानंतर ८.२ असा झोके घेत राहतो. उत्तम! याच टँकला ८ चं मीठ दिलंत तर अल्कलिनिटी आठवड्यागणिक थोडी थोडी खाली येत ५ च्याही खाली जाऊ पाहते. तिथे पोचेपर्यंत प्रवाळांनी वाढ कधीच सोडून दिलेली असेल. म्हणजे या टँकला वाढीव अल्कलिनिटीचं मीठच योग्य, कारण इथे मीठ हेच डोसिंग आहे.

भूक ०.५ असेल तर आठवड्याला ३.५ डीकेएच जातात. २० टक्के बदलात ११ चं मीठ एकूण २.२ च आणतं, आणि काढलेल्या पाण्याबरोबर गेलेलं वेगळंच. इथे कुठलंही मीठ पुरं पडत नाही. डोसिंग, कॅल्शियम रिॲक्टर (कॅल्शियम कार्बोनेट विरघळवून टँकला देणारं उपकरण), कल्कवासर (चुन्याची निवळी), काहीतरी हवंच. आणि एकदा ते सुरू झालं की मिठाचं काम पालटतं. आता त्याने काही भरून काढायचं नाही, फक्त टँकचा तोल बिघडवायचा नाही. टँक ८ वर ठेवत असाल तर मीठ ८ च्या आसपासचं हवं. माझी चूक इथेच झाली होती. डोसिंग चालू असताना मी वाढीव मीठ आणलं.

फक्त मासे आणि खडक असतील तर हा सगळा खटाटोप नको. साधं समुद्री मिश्रण घ्या, क्षारता स्थिर ठेवा. प्रवाळ येतील तेव्हा पुन्हा हिशेब करता येईल. नवा टँक पहिल्यांदा भरतानाही माझा कौल साध्या मिठालाच. पहिल्या दिवशी सगळंच पाणी नवं असतं आणि खाणारं कोणी नसतं, त्यामुळे डब्यातला आकडा तसाच टँकमध्ये बसून राहतो.

तिसरी पायरी: डब्यावरचा तक्ता

पुढच्या बाजूची मोठी अक्षरं सोडा, मागचा तक्ता वाचा. सगळ्यात आधी पाहायचं ते हे आकडे किती क्षारतेला दिले आहेत. एकाने ३३ पीपीटीला दिले, दुसऱ्याने ३५ ला, तर थेट तुलना होत नाही. ३५ ला ४२० पीपीएम कॅल्शियम देणारं मीठ ३२ ला घोळलं की ३८४ च देतं. पुष्कळ लोक इथे मिठाला नावं ठेवतात आणि दोष असतो पाणी पातळ घोळल्याचा.

ढोबळमानाने दोन घराणी आहेत. एकात अल्कलिनिटी ७ ते ८.५ च्या दरम्यान, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम समुद्राच्या जवळ. दुसऱ्यात अल्कलिनिटी १० च्या वर, कधी १२ पर्यंत, कॅल्शियम साडेचारशेच्या आसपास आणि मॅग्नेशियमही चढं. रेड सी ही एकच कंपनी दोन्ही तऱ्हांची मिठं बनवते: साध्या मिठाची अल्कलिनिटी ८ च्या जवळ, कोरल प्रोची १२ च्या आसपास. बनवणाऱ्यालाच दोन वेगळी मिठं करावी लागतात, यातच एक मीठ सगळ्यांना चालत नाही हे आलं.

मॅग्नेशियमचा आकडा लोक घाईत सोडून देतात. तो १२५० च्या खाली असेल तर मी ते मीठ घेत नाही. मॅग्नेशियम कॅल्शियम कार्बोनेटला पाण्यातून खाली बसू देत नाही. ते कमी पडलं की तुम्ही अल्कलिनिटी ओतत राहता आणि ती हीटरवर, पंपावर पांढऱ्या कवचासारखी बसत राहते.

मीठ समुद्राच्या पाण्यापासून वाळवून केलेलं की शुद्ध रसायनं एकत्र करून बनवलेलं, हाही वादाचा विषय असतो. पाणी आटवताना कॅल्शियमचे क्षार सोडियम क्लोराइडच्या आधी खाली बसतात, त्यामुळे वाळवलेल्या मिठात ते परत घालावेच लागतात. दोन्ही प्रकारांत चांगलं मीठ मिळतं. मी स्रोतापेक्षा एका गोष्टीला महत्त्व देतो: एका खेपेच्या आणि दुसऱ्या खेपेच्या डब्यात फरक किती. खेपेचा क्रमांक छापलेला असेल आणि कंपनी त्या खेपेचे तपासलेले आकडे देत असेल, तर ते मीठ माझ्या यादीत वर जातं.

जीवाणू वाढवणारे पदार्थ, जीवनसत्त्वं असं काही मिसळलेली मिठंही असतात. पोषकद्रव्यं आधीच कमी असतील तर जीवाणूंना खाद्य देणारं मीठ ती आणखी कमी करू शकतं. पहिल्या दोन वर्षांत मी हे टाळायला सांगेन. जे घालायचं ते वेगळं घाला, म्हणजे नको वाटलं की बंद करता येतं.

चौथी पायरी: आधी एक बादली

मोठा डबा घेण्याआधी छोटं पाकीट आणा आणि २० लिटर पाणी घोळून पाहा. प्रवासात डबा हलतो, जड आणि बारीक कण खाली जातात, आणि वरचं मीठ खालच्या मिठासारखं राहत नाही. पाकीट असेल तर उलटंपालटं करा. बंद डबा असेल तर जमिनीवर आडवा करून चांगला लोळवा, मग उघडा.

पाणी आरओ-डीआयचं (गाळून जवळपास सगळे क्षार काढलेलं), टीडीएस मीटरवर (विरघळलेले पदार्थ मोजणाऱ्या मीटरवर) शून्य दाखवणारं. नळाच्या पाण्याला स्वतःची अल्कलिनिटी, नायट्रेट, कधी तांबंही असतं. त्यात घोळून मिठाची परीक्षा होत नाही, नळाची होते.

२० लिटरला ३५ पीपीटीसाठी साधारण ७२० ते ७८० ग्रॅम लागतं. नुसते क्षार साधारण ७०० ग्रॅमच हवे असतात, पण मिश्रणातल्या काही क्षारांच्या स्फटिकातच पाणी बांधलेलं असतं, म्हणून वजन जास्त भरतं. आधी ७०० ग्रॅम घाला, विरघळू द्या, मोजा, मग वाढवा. २ पीपीटी कमी असेल तर आणखी ४० ते ४५ ग्रॅम. चमच्याने किंवा पेल्याने मापू नका, दमट मीठ आणि कोरडं मीठ एकाच पेल्यात वेगवेगळ्या वजनाचं बसतं. स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरे.

आणि मीठ पाण्यात घालायचं. पाणी मिठावर कधीच ओतायचं नाही. हे मी एकदा मुद्दाम करून पाहिलं. बादलीच्या तळाशी मीठ, वरून पाण्याची धार. काही क्षणांत पाणी दुधासारखं झालं आणि तासाभरानेही तसंच राहिलं. तळाशी क्षारांचं प्रमाण इतकं चढतं की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून बारीक खडू होऊन बाहेर पडतात, आणि तो खडू नुसतं ढवळून परत विरघळत नाही. त्या पाण्याची अल्कलिनिटी मोजली तर ३ डीकेएचने कमी आली. कॅल्शियम मात्र जेमतेम २० पीपीएमने घटलं होतं, कारण १ डीकेएचमागे कॅल्शियम ७ पीपीएमच जातं आणि एवढा फरक किटच्या चुकीतच बुडून जातो. म्हणून पाणी नीट घोळलं गेलं की नाही ते अल्कलिनिटीवरून ओळखा.

नीट घोळलेलं पाणी स्वच्छ होतं. तळाशी थोडा मातकट गाळ किंवा भांड्याला फिकट तपकिरी थर बसला तर घाबरू नका, कच्च्या मालातली अशुद्धी असते. पण थर दर वेळी वाढत असेल, पाणी दुसऱ्या दिवशीही धुरकट असेल, तर ते मीठ सोडून द्या.

क्षारता ३५ ला आणून मग अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम मोजा. त्याच किटने, ज्याने टँक मोजला. किट अर्ध्या डीकेएचने वर दाखवत असेल तर दोन्हीकडे वरच दाखवेल, आणि आपल्याला हवा आहे तो फरक खरा येईल.

रोजच्या वापरात

अन्नासाठी चालणारं प्लास्टिकचं पिंप, त्यात पाणी ढवळणारा पंप, पृष्ठभाग हलेल असं त्याचं तोंड वर वळवलेलं. मीठ मूठमूठ करून, चालू पाण्यात. पिंपावर झाकण, नाहीतर पाणी उडून क्षारता वाढते. पंपाच्या आणि हीटरच्या वायरींना प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये शिरणार नाही.

किती वेळ घोळायचं हे मिठावर ठरतं. साधं मीठ रात्रभर फिरत राहिलं तरी बिघडत नाही, उलट हवा मिसळून पीएच स्थिरावतो. वाढीव अल्कलिनिटीच्या काही मिठांवर मात्र स्पष्ट लिहिलेलं असतं की काही तासांतच वापरा, घोळताना तापवू नका. ते शब्दशः पाळा. असं पाणी दोन दिवस हीटर लावून फिरवलं तर महाग मिठातली वाढीव अल्कलिनिटी हीटरच्या कांडीला चिकटलेली सापडते.

टँकमध्ये घालण्याआधी नव्या पाण्याचं तापमान आणि क्षारता टँकशी जुळवा. एका अंशाचा आणि १ पीपीटीचा फरक मी चालवून घेतो, त्यापुढे नाही.

मीठ बदलायचं झालं तर एका रविवारी सगळं बदलू नका. पहिल्या दोन वेळा तीन भाग जुनं आणि एक भाग नवं, पुढच्या दोन वेळा अर्धंअर्धं, मग पूर्ण नवं, आणि या काळात एका वेळी १० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी नको. दोन मिठांचं कोरडं मिश्रण करून ठेवू नका, वेगवेगळी घोळून मग पाणी एकत्र करा. डोसिंगचं प्रमाण रोज मोजून सावकाश जुळवत जा. माझ्या त्या ॲक्रोपोराला मी असंच परत ७.५ वर आणलं, घाई न करता, महिनाभर. तीन फांद्यांवर खालून मांसल थर पुन्हा चढला. दोन गेल्या.

उरलं साठवण. मिश्रणातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्लोराइड हवेतली ओल भराभर ओढतात. डब्याचं झाकण रबरी कडीचं हवं, पिशवीचं तोंड पिळून बांधलेलं, आणि आत ओला पेला किंवा ओला हात कधीच नाही. बोटांनी फुटणारी गुठळी चालते. दगडासारखा गोळा झाला असेल तर ओलीमुळे आतल्या आतच कॅल्शियम आणि कार्बोनेट जुळून गेलं असण्याची शक्यता मोठी. फेकण्याआधी त्याचा तुकडा फोडून वजनाने घोळा, ३५ ला आणा, अल्कलिनिटी मोजा. आकडा नेहमीचा आला तर वापरा, दीड-दोनने कमी आला तर त्या डब्याचं पाणी प्रवाळांना देऊ नका. मी डबा उघडला की झाकणावर तारीख, खेपेचा क्रमांक आणि पहिल्या घोळाची अल्कलिनिटी मार्करने लिहितो. पुढचा डबा उघडला की आधी जुनं झाकण शेजारी ठेवतो.